सोडलेला मासा जगतो का? : समुद्रात गरवणाऱ्या वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील लेखात दोन आकडे दिले होते. १९७० नंतरच्या अर्धशतकात खुल्या महासागरातील शार्क आणि पाकटांची संख्या सुमारे ७१ टक्क्यांनी घटली, आणि शार्क, पाकट व त्यांच्या कुळातील इतर माशांच्या एक तृतीयांशाहून अधिक जातींना आज नामशेष होण्याचा धोका आहे. हे दोन्ही निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यावर छंद म्हणून समुद्रात गळ टाकणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली. काही पत्रांत मदतीची इच्छा आहे, काहींत राग आहे, आणि काहींत दोन्ही एकत्र आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी पकडलेला प्रत्येक मासा परत पाण्यात सोडतो. त्यामुळे माझ्या छंदाचा माशांच्या साठ्यावर काहीच परिणाम होत नाही, असे समजणे योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही. हेतू चांगला असला तरी हिशेब वेगळा निघतो, आणि तो अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील पट्टेरी बास या माशाच्या बाबतीत फार नेमकेपणाने मांडला गेला आहे. १९८०च्या दशकात या माशाचा साठा इतका खालावला की मेरिलँड राज्याने १९८५ ते १९९० या काळात त्याच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली. बंदीचा उपयोग झाला आणि १९९५ साली साठा सावरल्याचे जाहीर करण्यात आले. पुढे तो पुन्हा घसरला. २०१९ साली जाहीर झालेल्या पाहणीत मासेमारीमुळे मेलेल्या माशांची विभागणी केली गेली, तेव्हा असे दिसले की २०१७ या वर्षातील अशा मृत्यूंपैकी सुमारे ४८ टक्के मृत्यू हे हौशी लोकांनी पकडून ‘जिवंत’ सोडून दिलेल्या माशांचे होते. व्यापारी मासेमारी आणि हौशी लोकांनी घरी नेलेले मासे हे उरलेल्या भागात आले.

हे कसे घडले ते समजून घेण्यासारखे आहे. शास्त्रज्ञ या माशासाठी असे धरून चालतात की सोडलेल्या दर शंभर माशांपैकी नऊ मरतात. नऊ टक्के हा आकडा एकेका माणसाला किरकोळ वाटतो, कारण त्याच्या डोळ्यांदेखत मासा शेपटी मारून निघून जातो. परंतु तेथील लोक पकडलेल्या दहापैकी जवळजवळ नऊ मासे सोडून देतात आणि अशा माशांची एका वर्षातील संख्या कोटींत जाते. त्यामुळे त्यातील नऊ टक्के म्हणजे तीस लाखांहून अधिक मासे होतात. मृत्यूही तत्काळ येत नाही. दीर्घ झुंजीनंतर माशाच्या रक्तात आम्ल साचते, हवेत धरून ठेवल्यामुळे कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात, गळ घशाखाली उतरला असेल तर आतील अवयव फाटतात, आणि पाणी उबदार असेल तर त्यात प्राणवायू मुळातच कमी असल्यामुळे माशाला पुन्हा दम भरता येत नाही. हे सारे काही तासांत किंवा काही दिवसांत घडते, आणि तोपर्यंत पकडणारा घरी पोहोचलेला असतो.

म्हणून सोडण्याच्या पद्धतीइतकेच पकडण्याच्या संख्येकडेही लक्ष द्यावे. मासे जोरात लागत असतील आणि आपण सगळेच सोडणार असाल, तरीही कुठेतरी थांबावे. भर उन्हाळ्यात, पाणी तापलेले असताना, केवळ सोडण्यासाठी मासे पकडणे मला तरी पटत नाही.

प्रश्न : मोठी जहाजे टनावारी मासे उपसत असताना काठी घेऊन बसणाऱ्या माणसाला उपदेश करणे हा दांभिकपणा नव्हे काय?

उत्तर : आपला राग अगदी अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. शार्कच्या घसरणीचे मुख्य कारण व्यापारी मासेमारी हेच आहे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद नाही. तरीही हौशी मासेमारी नगण्य नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अंदाजानुसार गोड्या आणि खाऱ्या पाण्यातील मिळून जगातील एकूण पकडीपैकी सुमारे १२ टक्के वाटा हौशी लोकांचा असू शकतो. जाळ्याशिवाय, केवळ गळाने, साठा संपवता येत नाही हा समजही खरा नाही. दक्षिण आफ्रिकेत गळाने पकडल्या जाणाऱ्या अनेक माशांचे साठे इतके कोसळले होते की २००० साली सरकारला त्या मासेमारीबाबत आणीबाणी जाहीर करावी लागली.

न्यायाचा मुद्दा राहतो. युरोपात सागरी बास या दुसऱ्या माशाच्या बाबतीत २०१५ साली जो क्रम पाळला गेला तो मला योग्य वाटतो. आधी जानेवारीत, अंडी घालण्याच्या काळात बासचे थवे उचलणाऱ्या ट्रॉलरवर बंदी आली. मग मार्चमध्ये हौशी माणसाला दिवसाला तीन मासे अशी मर्यादा घालण्यात आली. आणि त्यानंतर दोघांसाठीही किमान लांबी ३६ सेंटीमीटरवरून ४२ सेंटीमीटर करण्यात आली, कारण मादी साधारण ४२ सेंटीमीटरची झाल्यावर प्रथम अंडी घालते. पुढे काही काळ हौशी लोकांना एकही बास ठेवण्याची मुभा नव्हती आणि त्यावरून बरीच ओरडही झाली. परंतु ज्यांनी आधी स्वतः मर्यादा पाळली, त्यांनाच ट्रॉलरविरुद्ध बोलताना कोणी ‘तुम्ही तरी काय करता?’ असे विचारू शकले नाही.

प्रश्न : दुसऱ्याच माशासाठी टाकलेल्या गळाला शार्क लागतो. त्याला इजा न होता कसे सोडावे? बोटीत ओढून घेऊन गळ काढणे बरे, की दोर कापणे?

उत्तर : बहुतेक वेळा दोर कापणे बरे, मात्र तो गळाच्या जितक्या जवळ कापता येईल तितका कापावा. शार्कच्या तोंडातून लोंबणारा हातभर तारेचा किंवा नायलॉनचा तुकडा कल्ल्यांत अडकतो, परांना गुंडाळला जातो आणि हळूहळू मांसात रुततो. त्या मानाने तोंडाच्या कडेला राहिलेला साधा गळ कमी त्रासदायक असतो, कारण तो गंजून काही काळाने गळून पडतो. हे होण्यासाठी गळ स्टेनलेस पोलादाचा नसावा. लांब दांड्याची कातरी किंवा तार तोडण्याची पकड हाताशी, म्हणजे खरोखरच हाताशी, पेटीच्या तळाशी नव्हे, ठेवलेली असावी.

खरी तयारी मात्र शार्क लागण्याच्या आधीची आहे. वर्तुळाकार गळ वापरावा. त्याचे टोक दांड्याच्या दिशेने आत वळलेले असते, त्यामुळे माशाने आमिष गिळले तरी दोर ताणला जाताच गळ घशातून सरकत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. येथे सवय बदलावी लागते : मासा लागला की काठीला झटका देण्याची आपली जुनी रीत या गळाला चालत नाही, दोर हळूहळू ताणत न्यावा लागतो. गळाचे टोक दांड्याच्या रेषेतच असावे. ते बाजूला वाकवलेले असेल तर हा फायदा बराचसा नाहीसा होतो. टोकामागचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकला तर गळ एका हालचालीत सुटतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याच्या मोठ्या भागात शार्कसाठी गरवणाऱ्या हौशी लोकांना वर्तुळाकार गळ २०१८ पासून सक्तीचा आहे.

दोर जाड ठेवावा. बारीक दोरावर मोठा मासा आणण्यात कौशल्य आहे असे मानणारे पुष्कळ आहेत. शार्कच्या बाबतीत या कौशल्याची किंमत शार्क मोजतो. झुंज जितकी लांबते तितका त्याच्या शरीरातील रासायनिक तोल बिघडतो आणि याबाबतीत सगळ्या जाती सारख्या नाहीत. समुद्रतळाशी राहणाऱ्या पुष्कळ जाती स्थिर राहूनही कल्ल्यांवरून पाणी खेळवू शकतात. माको आणि हातोडी शार्क यांना मात्र श्वासासाठी पुढे पोहत राहावे लागते, आणि हातोडी शार्क तर पोहत निघून गेल्यानंतरही दगावतात, इतका ताण त्यांना सहन होत नाही. आपल्या भागात हातोडी शार्क लागत असतील तर त्यांच्यासाठी मुद्दाम गळ टाकू नये, आणि चुकून लागलाच तर छायाचित्राचा विचारही न करता लगेच दोर कापावा.

बोटीत घेण्याबद्दल विचारले आहे. शार्कला इतर माशांसारखी हाडे नसतात, सांगाडा कूर्चेचा असतो, आणि पोटातील अवयवांना आधार देणारा बरगड्यांचा पिंजराही नसतो. पाण्यात त्याचे वजन पाणी पेलते. बाहेर काढल्यावर, विशेषतः शेपटीला धरून उलटे टांगल्यावर, यकृतासारखे जड अवयव आपल्याच भाराने खाली ओढले जातात आणि आत फाटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून मोठा शार्क बोटीच्या कडेला पाण्यातच ठेवावा, तोंड प्रवाहाकडे असावे, कल्ले पाण्याखाली असावेत. छोटी मुशी, म्हणजे लहान शार्क, उचलायचीच असेल तर एक हात छातीच्या परांखाली आणि दुसरा शेपटीच्या बुंध्याशी असा आडवा आधार द्यावा. कल्ल्यांत बोटे घालू नयेत, आकड्याने टोचून उचलू नये. फ्लोरिडात २०१९ पासून किनाऱ्यावरून शार्कसाठी गरवणाऱ्यांना परवाना लागतो, किनाऱ्यावरून आमिषाचा चुरा पाण्यात टाकून शार्क बोलावता येत नाहीत, दोर किंवा गळ कापण्याचे साधन जवळ असावे लागते, आणि संरक्षित जातीचा शार्क पाण्याबाहेर काढता येत नाही. हे नियम ज्यांना लागू नाहीत त्यांनीही ते आपणहून पाळायला हरकत नाही.

खोल पाण्यातून वर येणाऱ्या इतर माशांची अडचण वेगळी असते. त्यांच्या पोटातील वाताशय दाब कमी झाल्यामुळे फुगतो, डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून डोकावते आणि मासा पृष्ठभागावर तरंगत राहतो. तो फुगा सुईने टोचण्यापेक्षा जबड्याला चिमटा लावून वजनाच्या साह्याने माशाला पुन्हा खोलवर नेऊन सोडणारी साधने अधिक सुरक्षित ठरली आहेत. शार्कला वाताशय नसतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत याची गरज नाही.

प्रश्न : एखादा मासा घरी न्यायचाच असेल तर मोठा न्यावा की लहान?

उत्तर : मधला. लहान मासा एकदाही अंडी न घालता जातो, हे सर्वांना ठाऊक आहे आणि बहुतेक ठिकाणचे किमान लांबीचे नियम त्यावरच आधारलेले आहेत. मोठ्या मादीचे मोल मात्र अलीकडेच नीट मोजले गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, तीनशेहून अधिक जातींच्या अभ्यासात असे आढळले की मादीचे वजन दुप्पट झाले तर बहुतेक जातींत अंड्यांची संख्या दुपटीहून अधिक वाढते. कॉड या माशाची ३० किलोची एक मादी २ किलोच्या अठ्ठावीस माद्यांहून, म्हणजे एकूण ५६ किलोच्या माद्यांहून, अधिक अंडी घालते. यामुळेच काही ठिकाणी किमान आणि कमाल अशा दोन्ही लांबींमधला मासाच ठेवण्याची परवानगी असते. आपल्या ठिकाणी तसा नियम नसेल तर तो स्वतःपुरता करून घ्यावा.

शार्कच्या बाबतीत माझे उत्तर वेगळे आहे. कॉड लाखांनी अंडी घालतो, तर काटेरी मुशी पिल्ले पोटात अठरा ते चोवीस महिने वाढवते आणि मोजकीच पिल्ले देते. शार्कच्या अनेक जाती वयात यायलाच दहा-पंधरा वर्षे घेतात. जी जात इतकी सावकाश वाढते तिच्यातून केवळ हौस म्हणून एकही मासा काढू नये, असे मला वाटते.

प्रश्न : शार्कना टॅग, म्हणजे ओळखचिठ्ठी, लावण्याच्या मोहिमांबद्दल वाचले. हौशी माणसाने लावलेल्या टॅगचा शास्त्राला खरोखर काही उपयोग होतो का, की ते लोकांना सहभागाचे समाधान देण्यापुरते असते?

उत्तर : शंका रास्त आहे, कारण सहभागाच्या नावाखाली निरुपयोगी माहिती गोळा करणारे उपक्रमही असतात. शार्कच्या बाबतीत मात्र इतिहास हौशी लोकांच्या बाजूचा आहे. जॅक केसी या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९६२ साली शंभराहूनही कमी स्वयंसेवकांना बरोबर घेऊन सहकारी शार्क टॅगिंग उपक्रम सुरू केला. पुढे त्यात हजारो हौशी गरवणारे आणि काही व्यापारी मच्छीमार सामील झाले. २०१३ पर्यंतच्या नोंदींनुसार २ लाख २९ हजारांहून अधिक शार्कना टॅग लावले गेले होते आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक पुन्हा सापडले होते. आयर्लंडमध्ये असाच उपक्रम १९७०पासून, ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये १९७३पासून आणि दक्षिण आफ्रिकेत १९८४पासून चालू आहे. कोणत्याही संशोधन संस्थेला स्वतःची जहाजे पाठवून इतके मासे इतकी वर्षे पकडणे परवडले नसते.

टॅग दिसायला अगदी साधा असतो. पोलादी टोक, त्याला जोडलेला नायलॉनचा छोटा दोर आणि दोराच्या शेवटी पारदर्शक प्लॅस्टिकची एक कुपी. कुपीत गुंडाळी केलेली चिठ्ठी असते आणि तिच्यावर क्रमांक व टॅग कुठे परत करायचा याच्या सूचना इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, जपानी आणि नॉर्वेजियन अशा पाच भाषांत छापलेल्या असतात. अटलांटिकमध्ये शार्क कोणत्या देशाच्या बोटीच्या गळाला लागेल याचा नेम नाही, एवढे त्या भाषांवरूनच कळते. निळे शार्क अटलांटिक महासागर ओलांडतात, हे अशाच कुप्यांमधून सिद्ध झाले, आणि एका देशाने केलेले नियम त्यांना पुरे पडणार नाहीत हेही त्यातूनच निघाले. सँडबार जातीचा एक शार्क टॅग लावल्यानंतर जवळजवळ अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा सापडला. अशा उशिरा परत आलेल्या शार्कांच्या लांबीत किती कमी वाढ झाली आहे, हे पाहूनच ही जात पूर्वी वाटत होते त्याहून खूपच हळू वाढते, हे अभ्यासकांच्या ध्यानात आले. पकडीची मर्यादा ठरवताना वाढीचा वेग हा पहिला आकडा लागतो, आणि तो चुकला तर पुढचे सगळे गणित चुकते.

आता अटी. टॅग लावण्याआधी प्रशिक्षण घ्यावे आणि मान्यताप्राप्त उपक्रमाचाच टॅग वापरावा. तो पाठीवरील पहिल्या पराच्या बुंध्याशी, जाड स्नायूत, थोडा तिरका लावायचा असतो. चुकीच्या जागी किंवा फार खोल गेला तर जखम चिघळते. लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत घ्यावी. अंदाजाने घेतली असेल तर ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहावे. नर-मादी ओळखणे सोपे आहे, नराच्या पोटाकडील परांच्या आतल्या बाजूस दोन दांडे असतात, मादीला नसतात. परंतु ते पाहण्यासाठी मासा पाण्याबाहेर काढण्याची गरज नाही. शार्क थकलेला दिसत असेल तर टॅग लावूच नये. एक नोंद कमी झाल्याने काही बिघडत नाही, आणि सोडल्यावर मेलेल्या शार्कच्या टॅगची नोंद तर माहितीत चूकच भरते, कारण तो टॅग कधीच परत येत नाही.

प्रश्न : आम्ही कुठे काय पकडतो हे कळवले, की सरकार तीच जागा बंद करणार. मग आम्ही माहिती का द्यावी?

उत्तर : या प्रश्नाची पत्रे सर्वांत जास्त आहेत, आणि ही भीती पूर्णपणे निराधार नाही. परंतु स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जे घडले ते आपण पाहावे. तेथे फ्लॅपर स्केट नावाचा, दोन मीटरहून अधिक लांब होणारा पाकट आढळतो. स्केट हा पाकटांचाच एक प्रकार. युरोपातील हा सर्वांत मोठा स्केट, एके काळी सर्वत्र आढळणारा, बहुतेक समुद्रातून दिसेनासा झाला आणि या खोल खाड्यांत उरला. तेथील हौशी गरवणारे अनेक दशके या पाकटांना पकडून, टॅग लावून सोडत होते. त्यांच्या नोंदींत तेच तेच पाकट पुन्हा पुन्हा त्याच परिसरात सापडत गेले, आणि ही जात दूर भटकण्याऐवजी एका भागाला धरून राहते, म्हणजे तो भाग राखला तर तिचा खरोखर बचाव होईल, हे पुढे आले. २०१४ साली लॉख सुनार्ट ते साउंड ऑफ जुरा हा पट्टा या जातीसाठी संरक्षित सागरी क्षेत्र म्हणून घोषित झाला. २०१६ साली तेथे निर्बंध आले ते तळ खरवडणाऱ्या, ओढून न्यायच्या जाळ्यांवर. गळाने पकडून सोडणे तेथे आजही चालू आहे, आणि त्या नोंदींवरच क्षेत्राची परिस्थिती तपासली जाते.

आता तर टॅगचीही फारशी गरज उरलेली नाही. या पाकटाच्या पाठीवरील ठिपक्यांची रचना प्रत्येकात वेगळी असते, त्यामुळे वरून काढलेले एक स्वच्छ छायाचित्र त्याची ओळख पटवायला पुरते आणि अशा छायाचित्रांचा संग्रह तेथील अभ्यासक चालवतात. पाठ पूर्ण दिसावी, ओल्या अंगावर उन्हाची चमक नसावी आणि तारीख व जागा सोबत लिहावी, इतकेच. या जातीच्या अंड्याला फुटायला सुमारे दीड वर्ष लागते. एका मोठ्या पाकटाच्या जाण्याने होणारी हानी भरून यायला किती काळ लागत असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

माहिती देण्याबाबत आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. रिकामे गेलेले दिवसही लिहावेत. किती तास गळ टाकला, किती गळ होते आणि काय लागले नाही, हे लिहिले नसेल तर ‘मासे कमी झाले’ हे म्हणणे म्हणजे पारावरच्या गप्पा ठरतात. लिहिले असेल तर दर तासाला किती मासे लागले हा आकडा निघतो आणि तो वर्षानुवर्षे तुलना करता येतो. फक्त मोठ्या पकडीच्या दिवशी वही उघडणाऱ्याच्या नोंदींवरून समुद्र नेहमीच भरलेला दिसतो.

प्रश्न : गळाला लागलेला मासा वर आणेपर्यंत शार्क अर्धा खाऊन टाकतात, हाती नुसते डोके येते. अशा शार्कचे रक्षण आम्ही कशासाठी करावे?

उत्तर : चिडचिड समजू शकते, विशेषतः दिवसाला एखाददुसराच मासा ठेवण्याची मुभा असताना. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांत ही तक्रार वाढली आहे. तिच्यामागे एकच कारण नाही. अमेरिकेत १९९३ साली अटलांटिकमधील शार्क मासेमारीसाठी पहिला व्यवस्थापन आराखडा आला आणि त्यानंतर काही जाती हळूहळू सावरू लागल्या. ज्यांनी गरवायला सुरुवात नव्वदच्या दशकात केली, त्यांनी शार्कची संख्या अगदी तळाला असतानाचा समुद्र पाहिला आणि तोच नेहमीचा समजला. त्यांना आजचे शार्क ‘फार’ वाटतात. दुसरे म्हणजे शार्क शिकतात. एकाच जागी रोज बोटी थांबत असतील, मासे साफ करून आतडी तिथेच फेकली जात असतील, तर तेथे खायला मिळते हे त्यांना लवकर कळते.

उपाय साधे आहेत, पण थोडे त्रासाचे आहेत. एकदा मासा खाल्ला गेला की तीच जागा धरून बसू नये. जागा बदलावी आणि चांगली लांब बदलावी. नाहीतर शार्क खात राहतात आणि आपण सोडायचे म्हणून पकडलेले मासेही त्यांच्याच तोंडात देत राहतो, ज्यांची नोंद कुठेच होत नाही. दोर मजबूत ठेवून मासा लवकर वर आणावा. घाण बोटीतच ठेवून नंतर टाकावी. सोडलेला मासा शार्कच्या देखत सोडू नये. चिडून शार्कना मुद्दाम पकडून मारणे बऱ्याच ठिकाणी गुन्हा आहे, आणि जेथे नाही तेथेही त्याने काही साधत नाही, कारण खाणारा शार्क नेमका कोणता हे वरून कळत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या स्पर्धेत वजनावर बक्षीस असते. ते बदलावे, असा माझा आग्रह आहे. ज्येष्ठ सभासद ऐकत नाहीत.

उत्तर : त्यांना इंग्लंडमधील लू या बंदराचे उदाहरण सांगावे. तेथे १९५३ साली स्थापन झालेली शार्क गरवणाऱ्यांची संघटना पूर्वी शार्क किनाऱ्यावर आणून वजनकाट्यावर टांगत असे. तीच संघटना आज शार्क जिवंत सोडते, आणि तिचे सभासद अजूनही दर हंगामात समुद्रावर जातात. बक्षीस लांबीवर द्यावे, लांबी पाण्यातच मोजावी, मोजपट्टीसह छायाचित्र पुरावा मानावा. ‘सर्वांत मोठा’ याऐवजी ठरलेल्या जातींपैकी जास्तीत जास्त जाती पकडून सोडणाऱ्याला बक्षीस ठेवले तर एकाच मोठ्या मादीच्या मागे सगळे लागत नाहीत. माको शार्कचा विक्रम नोंदवण्याची कोणाची इच्छा असेल तर उत्तर अटलांटिकमध्ये २०२२ पासून माको पकडून ठेवण्यालाच मनाई आहे, हेही त्यांच्या कानावर घालावे.

प्रश्न : मला एका शार्कच्या पाठीवर शेवाळाने माखलेला टॅग दिसला. घाईत मी शार्क सोडून दिला. पुढच्या वेळी काय करावे?

उत्तर : शार्क सोडला हे उत्तम केले. पुढच्या वेळी शार्क पाण्यातच ठेवून अंगठ्याच्या नखाने किंवा बोथट वस्तूने कुपीवरील शेवाळ खरवडावे, क्रमांक वाचावा आणि जमल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे. शार्क सोडणार असाल तर टॅग उपटू नये. तो आणखी कोणाला तरी सापडायचा आहे. क्रमांक, तारीख, जागा आणि अंदाजे लांबी एवढ्या चार गोष्टी टॅगवरील पत्त्यावर कळवाव्यात. तो शार्क प्रथम कुठे आणि केव्हा पकडला गेला होता, हे बहुतेक उपक्रम कळवणाऱ्याला सांगतात. क्रमांकातील एखादा आकडा वाचता आला नाही तर तो अंदाजाने भरू नये, त्या जागी रेघ मारावी.